‘नको, तुम्ही बसा’ : थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातील पाहुणे

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा अमेरिकेतील कृतज्ञतेचा सण, २६ नोव्हेंबरला. मध्ये अडीच आठवडेच उरतात, म्हणून अमेरिकेतील वाचकांची या सणाच्या पाहुण्यांविषयीची पत्रे या वर्षी लवकर आली आहेत. त्यांपैकी तीन येथे घेतली आहेत. पहिले पत्र ज्यांच्या घरी सगळे जमणार आहेत त्या गृहिणीचे आहे, दुसरे भारतातून आलेल्या एका आजोबांचे, आणि तिसरे पाहुणी म्हणून निघालेल्या एका बहिणीचे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. घर तीन बेडरूमचे, अडीच बाथरूमचे आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि आम्हाला शाळेत जाणारी दोन मुले आहेत. सासू-सासरे सप्टेंबरपासून पुण्याहून आलेले आहेत. थँक्सगिव्हिंगसाठी डॅलसहून दीर, जाऊबाई व त्यांची दोन मुले आणि शिकागोहून नणंद व त्यांचे यजमान असे सगळे आधीच्या शनिवारी रात्री येऊन पुढच्या रविवारी सकाळी निघतील. म्हणजे आम्ही एकूण बारा जण असू. गेल्या वर्षीही सगळे असेच जमलो होतो. गुरुवारी मी पहाटेपासून टर्कीच्या, म्हणजे या सणाला अख्खा भाजतात त्या मोठ्या पक्ष्याच्या, मागे होते, आणि साडेसातला सासूबाईंनी विचारले, “आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडायचा आहे, पाट कुठे ठेवला आहेस?” मला ते ठाऊकच नव्हते. ओव्हनमधून येणाऱ्या वासात त्यांना पूजेला बसवेना, मुलांना टर्की हवीच होती, आणि मी दोन्हीकडे अपराधी झाले. जाऊबाई चार वेळा येऊन “काही करू का?” असे विचारून गेल्या. मी चारही वेळा “नको, तुम्ही बसा” म्हणाले, त्या बसल्या, आणि त्या बसल्या याचाच मला राग आला. रात्री सिंकपाशी उभी राहून मी रडले. माणसे येऊ नयेत असे मला मुळीच वाटत नाही, पण तसा गुरुवार मला पुन्हा नको आहे. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे शब्द टर्की किंवा घट हे नसून “नको, तुम्ही बसा” हे आहेत, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

आपल्या बोलण्यात ‘नको’ हा पुष्कळदा नकार नसतो. समोरच्याने अजून थोडा आग्रह करावा, यासाठी मोकळी ठेवलेली ती जागा असते. वाढणारा वाढतो, जेवणारा ‘नको’ म्हणतो, वाढणारा पुन्हा वाढतो, आणि दोघांनाही ते कळते. तुमच्या जाऊबाईंनी चौथ्यांदा विचारले, तेव्हा त्यांनी न विचारता ओट्याशी येऊन सुरी हातात घ्यावी अशी तुमची अपेक्षा होती. त्यांना मात्र असे वाटले असणार की दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात चार वेळा नको म्हटल्यावर लुडबुड करणे बरे नव्हे. तुम्ही दोघीही रीतीला धरूनच वागलात. ती रीत चार तासांच्या हळदीकुंकवाला पुरते, आठवडाभराच्या मुक्कामाला पुरत नाही.

आता एक साधा हिशेब करू. रविवारच्या सकाळच्या चहापासून शनिवारच्या रात्रीच्या जेवणापर्यंत सात दिवस होतात. दिवसाला तीन वेळा धरल्या तर एकवीस वेळा खाणे करायचे आहे, आणि बारा माणसांनी गुणले तर दोनशे बावन्न ताटे होतात. गुरुवारचे जेवण त्या एकविसांपैकी केवळ एक. आपण सगळे त्या एकाची यादी ऑक्टोबरपासून करतो आणि उरलेली वीस खाणी ‘बघू, होईल’ म्हणून सोडून देतो, आणि ती कोणाच्या अंगावर पडतात हे तुम्हाला सांगायला नको. गुरुवारी तुम्ही थकलात त्याचे कारण गुरुवार नव्हता. सोमवार, मंगळवार आणि बुधवार या तीन दिवसांत कचेरीचे काम सांभाळून बारा माणसांचे नाश्ते, डबे आणि रात्रीची जेवणे तुम्ही एकटीने काढली होती.

म्हणून मदत मागू नका, अख्खे खाणे वाटून द्या. ‘काही करू का’ या प्रश्नात मदत करण्याची इच्छा खरी असते, पण काम शोधून देण्याचा भार पुन्हा यजमानीणबाईंवरच पडतो, आणि तोही त्यांचे हात पिठात असताना. याउलट, सोमवारची रात्र दीर-जाऊबाईंकडे असे आधीच ठरले असेल, तर पावभाजी करायची की आणखी काही, लोणी किती लागेल, पाव कोठून आणायचे, मुलांसाठी कमी तिखट वेगळे काढायचे का, हा सगळा विचार त्यांचा होतो. तुम्ही फक्त मोठा कुकर कोठे आहे ते दाखवायचे आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडायचे. बाहेर पडणे हे यातील सर्वांत अवघड काम आहे, पण ते करावेच लागेल. फोडणीत मोहरी तडतडण्याआधी हळद पडली तरी पडू द्यावी.

आमच्या घरी एका वर्षी मी सात दिवसांचा तक्ता करून फ्रिजच्या दारावर लावला होता आणि प्रत्येक वेळेपुढे ज्याचे त्याने नाव लिहावे म्हणून शेजारी पेन्सिल टांगली होती. सासूबाईंचे नाव मी मुद्दामच घातले नव्हते, त्यांनी आराम करावा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर मंगळवारच्या रात्रीपुढे लिहिलेले माझे नाव नीट खोडून त्यांनी कापऱ्या अक्षरात ‘थालीपीठ, लोणी, मी’ असे लिहिले होते. तीन महिने त्या आमच्या सोफ्यावर पाहुण्यासारख्या बसून होत्या. मंगळवारी त्यांनी एकेक खण उघडून भाजणीचा डबा, परात आणि जाड बुडाचा तवा काढून घेतला, नातवाला कोथिंबीर निवडायला बसवले, आणि दीड तास उभ्या राहून चोवीस थालीपिठे लावली. प्रत्येकाला मध्ये पाच भोके पाडून त्यात तेल सोडत होत्या. ‘तुम्ही बसा’ म्हणून आपण वडीलधाऱ्यांना विश्रांती देतो असे मला वाटत असे. पुष्कळदा आपण त्यांच्याकडून घर काढून घेत असतो.

तुमच्या पत्रात तुमच्या यजमानांचा उल्लेख ‘आम्ही दोघेही नोकरी करतो’ एवढ्यापुरताच आला आहे, त्याबद्दल स्पष्ट लिहिणे मला भाग आहे. येणारी माणसे त्यांचे भाऊ, बहीण आणि आईवडील आहेत. तक्त्याविषयीचा फोन त्यांनीच करायचा आहे. वहिनीकडून आलेली कामाची यादी आणि भावाकडून आलेली कामाची यादी यांत ऐकणाऱ्याच्या कानाला फार फरक पडतो, हे आपल्या कुटुंबांत आजही खरे आहे. निदान सकाळचे सातही नाश्ते पुरुषांकडे असावेत असे मी सुचवेन. उपमा, ऑम्लेट, टोस्ट, इडलीचे तयार पीठ, काहीही चालेल. त्यांना ते उत्तम जमते, फक्त ते त्यांचे आहे असे ठरलेले असावे लागते.

आता गुरुवारविषयी. गेल्या वर्षी २७ नोव्हेंबर हा खरोखरच मार्गशीर्षातील पहिला गुरुवार होता. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे सगळे सण पुढे सरकले आहेत आणि मार्गशीर्ष डिसेंबरात लागणार आहे, त्यामुळे महालक्ष्मीचे व्रत आणि थँक्सगिव्हिंग यांची गाठ पडणार नाही. परंतु नोव्हेंबरातील चौथा गुरुवार हा गुरुवारच राहणार, आणि आपल्यातील पुष्कळ माणसे गुरुवारी मांसाहार करीत नाहीत. म्हणून सासूबाईंना आजच विचारा, आणि त्यांच्या वतीने स्वतःच उत्तर ठरवू नका. त्यांना स्वतःच्या ताटात नको आहे, की त्या दिवशी घरातच शिजायला नको आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिले असेल, तर त्यांचा स्वयंपाक आणि नैवेद्य सकाळी आधी करून घ्यावा, त्यांची भांडी वेगळी ठेवावी आणि ओव्हन त्यानंतर लावावा. दुसरे असेल, तर टर्की शुक्रवारी करा. अमेरिकेच्या काँग्रेसने १९४१ साली या सुट्टीचा वार ठरवला, ताटात काय असावे हे ठरवले नाही. शुक्रवारी तुम्हाला बहुधा सुट्टी असेल, मुले घरी असतील, आणि टर्की एक दिवस उशिरा खाल्ली म्हणून शाळेत कोणी त्यांना कमी लेखणार नाही. गुरुवारी दुपारी पुरणपोळी किंवा मसालेभात, भरली वांगी, मठ्ठा असे सर्वांना चालणारे जेवण ठेवले तर ती थँक्सगिव्हिंगची पंगत नव्हे असे मला अजिबात वाटत नाही.

टर्की केव्हाही करा, पण ती किती मोठी घ्यायची याचा विचार अवश्य करा. बारापैकी किती जण ती खाणार? पाच-सहा जणच खाणार असतील तर अख्खा पक्षी आणण्याऐवजी हाडासकट छातीचा पाच-सहा पौंडांचा भाग पुरतो. अख्खी गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये वितळवायला दर चार ते पाच पौंडांना एक दिवस लागतो. चौदा पौंडांची असेल तर तीन दिवसांहून अधिक, म्हणजे बारा माणसांचे दूध, दही आणि भाज्या ठेवायच्या त्याच आठवड्यात फ्रिजचा एक कप्पा तिने अडवलेला असतो. ती नेहमी सर्वांत खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवावी, म्हणजे तिचे पाणी शाकाहारी पदार्थांवर गळण्याची भीती राहत नाही. नळाखाली ती धुऊ नये. आपल्याला कोंबडी धुण्याची सवय असते, पण उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात. शिजली की नाही हे रंगावरून न ठरवता थर्मामीटर खुपसून पाहावे. मांडीच्या आणि छातीच्या सर्वांत जाड भागात १६५ अंश फॅरनहाइट यायला हवे.

शाकाहारी माणसांच्या दृष्टीने खरा धोका टर्कीत नसतो, कारण ती दिसते. तो न दिसणाऱ्या गोष्टींत असतो. रताळ्यांवर घालायच्या मार्शमेलोमध्ये बहुधा जिलेटिन असते, स्टफिंगच्या, म्हणजे टर्कीत भरायच्या पावाच्या सारणाच्या, तयार पाकिटात कोंबडीचे सत्त्व असू शकते, ‘पाय’ (pie) या सारण भरून भाजलेल्या पदार्थाच्या आवरणात कधी डुकराची चरबी वापरलेली असते, आणि भोपळ्याच्या ‘पाय’मध्ये अंडे असतेच. पाकिटे दुकानात उभे राहूनच वाचावीत. स्टफिंग टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या ट्रेमध्ये, भाज्यांच्या पाण्यात केले तर ते सगळ्यांना खाता येते.

खरेदी मंगळवारी रात्रीपर्यंत संपवा. वॉलमार्ट, टार्गेट आणि कॉस्टको गुरुवारी बंद असतात आणि बुधवारी संध्याकाळी रस्ते गाड्यांनी भरलेले असतात. सासऱ्यांची रक्तदाबाची वगैरे औषधे रविवारपर्यंत पुरतील एवढी आहेत ना, हे आधीच्याच आठवड्यात पाहावे. बुधवारी रात्री मूगडाळीची खिचडी, कढी आणि पापड याहून अधिक काही करू नका.

आगीविषयी थोडे गंभीरपणे लिहिते. अमेरिकेत घरातील स्वयंपाकामुळे लागणाऱ्या आगी वर्षभरात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सर्वांत जास्त असतात, असे तेथील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना दरवर्षी सांगते. आपल्याकडे फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो म्हणून कोणीतरी स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढून ठेवते आणि नंतर ती परत घालायचे राहते. ते करू नका. खिडकी उघडा, पंखा लावा, अलार्म वाजला तर वाजू द्या. शेगडी चालू असताना एक मोठे माणूस तेथे हवेच, आणि तळण चालू असताना लहान मुले ओट्यापासून तीन फूट दूर असावीत. तसेच टर्कीची चरबी, तळणाचे तेल किंवा तूप गरम आहे म्हणून सिंकमध्ये ओतू नका. पुढे नळीत गेल्यावर ते थिजते. बटाट्याच्या साली आणि उरलेला भात डिस्पोजरमध्ये, म्हणजे सिंकखालच्या खरकटे दळणाऱ्या यंत्रात, लोटला की शुक्रवारी सकाळी बारा माणसांच्या घरात सिंक तुंबलेले असते, आणि सुट्टीच्या दिवशी येणारा प्लंबर जास्तीचे पैसे घेतो.

झोपण्याची सोय तुम्ही गेल्या वर्षी केलीच होती, त्यामुळे तीविषयी फार लिहीत नाही. सासू-सासऱ्यांची खोली मात्र कोणासाठीही हलवू नका, कारण रात्री उठून बाथरूमकडे जाण्याची त्यांची वाट त्यांच्या पायांना पाठ झालेली असते. गरम पाण्याची टाकी घरोघरी साधारण चाळीस-पन्नास गॅलनांची असते आणि सकाळी सलग बारा आंघोळी तीत होत नाहीत. मुलांच्या आणि दीर-नणंदांच्या आंघोळी रात्री ठेवा.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते, कारण ती कोणी बोलून दाखवत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे जाते आणि थँक्सगिव्हिंगच्या सुमारास तुमच्याकडे साडेचारलाच सूर्य मावळतो. पुण्याहून आलेल्या माणसाला दिवेलागणी एवढ्या लवकर झाली की फार उदास वाटते, आणि मग ‘आमचे काही नाही, आम्ही जातो परत’ असे बोलणे संध्याकाळी सहाच्या सुमारास निघते. त्याचे खापर सुनेच्या स्वयंपाकावर फुटते. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, ऊन असताना, दीर किंवा नणंदेच्या यजमानांनी त्यांना रोज अर्धा तास फिरवून आणावे. हे काम तक्त्यात लिहा.

मुले न्यूयॉर्कच्या मेसीज परेडला, म्हणजे मेसीज या दुकानाच्या थँक्सगिव्हिंगच्या मिरवणुकीला, जाऊ म्हणतील. १९२४ पासूनची ती परंपरा पाहण्यासारखी आहे, पण चांगली जागा मिळवायला अंधारातच निघावे लागते आणि तास न् तास थंडीत उभे राहावे लागते. एका मोठ्या माणसाने मुलांना न्यावे, आजी-आजोबांनी ती टीव्हीवर पाहावी. बुधवारी दुपारी नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाभोवती परेडमधले प्रचंड फुगे भरताना पाहता येतात. लहान मुलांना तेच अधिक आवडते.

खर्चाविषयी दीर किंवा नणंद काही देऊ करतील, तेव्हा तेथेही ‘नको, नको’ करू नका. किराण्याच्या एका फेरीचे बिल त्यांना भरू द्या. आणि जाऊबाईंना फोन करून गेल्या वर्षीचा राग सांगू नका. फक्त एवढे म्हणा, “गेल्या वर्षी मी उगाच नको म्हणत राहिले. यंदा सोमवारची रात्र तुमची.” त्यांना त्यातले सगळे कळेल.

प्रश्न : मी नाशिकचा, वय ७१. पत्नी आणि मी सध्या मिशिगनमध्ये मुलीकडे आलो आहोत. जावई अमेरिकन आहेत, आणि थँक्सगिव्हिंगला व्याह्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावले आहे. त्यांचे आणखी पाहुणे असतील. पत्नी अंडेही खात नाही. आम्ही मुलीकडचे, त्यामुळे तिला खाली पाहावे लागेल असे काही आमच्या हातून होऊ नये एवढीच इच्छा आहे. काय न्यावे, काय बोलावे, आणि हा सण नेमका कशाचा?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘आम्ही मुलीकडचे’ हे शब्द वाचून आपली काळजी समजली. पण त्या घरी मुलीकडचे आणि मुलाकडचे असा भेद मानपानात धरला जात नाही, हे आधी मनावर घ्यावे. आपण तेथे दबून बसलात तर त्यांना कारण समजणार नाही, आणि आपल्याला काहीतरी आवडले नाही असे वाटून तेच संकोचतील.

सणाची हकीगत थोडक्यात अशी. इंग्लंडहून आलेल्या लोकांनी १६२१ साली प्लिमथ येथे चांगले पीक आले म्हणून मेजवानी केली. तेथील मूळचे वाम्पानोआग लोकही तीत होते, आणि ती तीन दिवस चालली. पुढे निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या दिवशी असे दिवस पाळले जात. सारा जोसेफा हेल या संपादिकेने सर्व देशाचा एकच दिवस असावा म्हणून अनेक वर्षे पत्रे लिहिली, आणि यादवी युद्ध चालू असताना १८६३ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. १९३९ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीला अधिक दिवस मिळावेत म्हणून तो आठवडाभर अलीकडे घेतला, त्यावर मोठा गोंधळ झाला, आणि अखेर १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला. याला दुसरी बाजूही आहे. प्लिमथच्या त्या मेजवानीनंतर मूळ रहिवाशांच्या वाट्याला जे आले, त्याची आठवण म्हणून १९७० पासून प्लिमथमध्येच त्यांच्यातील अनेक जण हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात. व्याह्यांकडे कोणी त्याविषयी बोलू लागले तर ऐकून घ्यावे, त्यांचे आपसात मतभेद असू शकतात.

जेवण बहुधा दुपारी दोन-तीनच्या सुमारास असते, म्हणून सकाळी घरून थोडे खाऊन निघावे. पत्नींच्या खाण्याविषयी मुलीने त्यांना आजच कळवावे आणि सोबत दोन पदार्थ घेऊन येतो असेही सांगावे. ते आनंदाने हो म्हणतील, कारण या दिवशी पाहुण्यांनी पदार्थ आणण्याची तेथे रीतच आहे. फार तिखट नसलेला, ओव्हनमध्ये न ठेवता खाता येईल असा पदार्थ करावा. बटाट्याची सुकी भाजी आणि गाजराचा हलवा हे दोन्ही शोभतील, आणि हलव्यात काय काय आहे ते एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून भांड्यापाशी ठेवावे. काजू-बदाम असतील तर ते अवश्य लिहावे, कारण काहींना त्यांची ॲलर्जी असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. त्या घरी ‘नको’ म्हणजे नकोच. व्याह्यांनी बटाटे पुढे केले आणि आपण रीतीप्रमाणे एकदा ‘नो, थँक यू’ म्हणालात, तर भांडे पुढे जाईल आणि पुन्हा येणार नाही. त्यात अनादर नसतो. आपला शब्द त्यांनी जसाच्या तसा मानलेला असतो. हवे असेल तर पहिल्यांदाच हो म्हणावे. आपल्या घरी ते आले तर त्यांच्या ताटात आग्रहाने वाढू नये, हेही त्याचबरोबर आले.

पुष्कळ घरांत जेवणाआधी प्रत्येक जण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते एक-दोन वाक्यांत सांगतो. आपली पाळी येईल असे धरून चालावे. इंग्रजीची चिंता नको, मराठीत बोलावे आणि मुलीने ते सांगावे. माझ्या ओळखीच्या एका वडिलांनी अशा पंगतीत आपल्या जावयांच्या आईकडे पाहून एवढेच म्हटले होते की, “माझी मुलगी आजारी होती तेव्हा मी बारा हजार किलोमीटर दूर होतो आणि तुम्ही तिच्या उशाशी होतात.” त्यानंतर काही वेळ कोणालाच जेवणाला सुरुवात करता आली नाही.

जेवण झाल्यावर मंडळी टीव्हीपुढे बसतील. डेट्रॉइट लायन्स या संघाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना थँक्सगिव्हिंगला १९३४ पासून होत आला आहे आणि मिशिगनच्या घरांत तो फार जिव्हाळ्याचा असतो. नियम कळत नसले तर व्याह्यांनाच विचारावेत. ते समजावून देण्यात त्यांचा तास आनंदात जाईल आणि आपल्यालाही बोलायला विषय मिळेल. पत्नींनी ताटे उचलायला उठावे. कोणी ‘बसा’ म्हणाले तर मात्र बसावे.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात शिकते. थँक्सगिव्हिंगच्या बुधवारी विमानाने भावाकडे सिॲटलला जाणार आहे. वहिनीला आवडते म्हणून श्रीखंड, लिंबाचे लोणचे, तूप आणि पुरणपोळ्या न्यायच्या आहेत. विमानात चालेल का? परत येताना ती डबे भरून देतेच, त्यांचे काय?

उत्तर : देशांतर्गत विमानप्रवासात घट्ट पदार्थ हातातल्या बॅगेत चालतात, म्हणून पुरणपोळ्या खुशाल जवळ ठेव. जे ओतता, पसरता किंवा चमच्याने चोपडता येते ते सगळे तपासणीच्या वेळी द्रव धरले जाते. असे पदार्थ ३.४ औंसांपेक्षा, म्हणजे शंभर मिलीलीटरपेक्षा, मोठ्या डब्यात असतील तर ते काढून घेतले जाऊ शकतात. श्रीखंड, लोणचे आणि तूप त्यामुळे चेक-इन बॅगेत, झाकणाला टेप लावून आणि दोन पिशव्यांत बांधून ठेव. श्रीखंड आदल्या रात्री फ्रीझरमध्ये घट्ट करून घेतलेस तर ते पोचेपर्यंत थंड राहील.

परतीच्या डब्यांविषयी दोन आकडे लक्षात ठेव. शिजवलेले अन्न खोलीच्या उष्णतेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि फ्रिजमध्ये ते तीन ते चार दिवस चांगले राहते. गुरुवारचे जेवण रविवारी सोबत आणून बुधवारपर्यंत खाण्याचा विचार असेल, तर वहिनीला ते गुरुवारीच फ्रीझरमध्ये टाकायला सांग. रविवारी विमानतळावर फार गर्दी असते, म्हणून शक्य झाले तर परतीचे तिकीट शनिवारचे किंवा सोमवारचे काढ, आणि कोणत्या दिवशी किती वाजता निघणार हे वहिनीला आधीच कळव. तिलाही सोमवारी कामावर जायचे असेल.

पोचल्यावर ‘काही करू का’ असे विचारू नकोस. आजच फोन करून शुक्रवारची रात्र स्वतःकडे घे, पिठले आणि बाजरीची भाकरी कर. बाजरीचे पीठ त्यांच्याकडे आहे का ते विचार. नसेल तर येथूनच ने, पण तेही चेक-इन बॅगेत, कारण बारा औंसांहून अधिक पूड हातातल्या बॅगेत असली की तपासणीला वेळ लागतो आणि बुधवारी त्या रांगेत तुझ्यामागे पुष्कळ माणसे असतील.